कासव वाचवायचं तर पुळण राखा, आणि जाळ्यात दारही ठेवा

दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकणातल्या कासवांच्या पिल्लांचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. वेळास, आंजर्ले, गुहागर अशी नावं असतात आणि पहाटेच्या पुळणीवरून समुद्राकडे निघालेली बोटभर पिल्लं असतात. त्याच वर्तमानपत्राच्या व्यापाराच्या पानावर अधूनमधून दुसरी एक बातमी येते. समुद्रात पकडलेल्या भारतीय कोलंबीला २०१९ पासून अमेरिकेत बंदी आहे आणि ती उठावी म्हणून ट्रॉलरच्या जाळ्यांना ‘टेड’, म्हणजे अडकलेल्या कासवाला बाहेरची वाट देणारी चौकट, बसवण्याचे प्रयत्न चालू आहेत. पहिली बातमी सगळे आवडीने वाचतात, दुसरी बहुतेकांच्या डोक्यावरून जाते. पण दोन्ही बातम्या एकाच प्राण्याच्या आहेत, आणि दुसरी कळल्याशिवाय पहिलीतल्या पिल्लांचं पुढे काय होतं हे कळत नाही.

हा प्राणी म्हणजे ऑलिव्ह रिडले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं ते मुख्यतः हेच समुद्री कासव. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, म्हणजे कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे.

कासवाचं घर नेमकं कुठे?

ऑलिव्ह रिडले जवळजवळ सगळं आयुष्य समुद्रात काढतं. मादी जमिनीवर येते ती फक्त अंडी घालायला, तीही बहुधा रात्री आणि तासाभरासाठी. महाराष्ट्रात हा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू शोधून मागच्या पायांनी ती सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, तोंडाला अरुंद आणि तळाला रुंद. त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते, अंगाने ती दाबते आणि परत जाते. त्या अंड्यांकडे ती पुन्हा फिरकत नाही. एकाच हंगामात ती आणखी एकदा, कधी दोनदा अंडी घालू शकते. मधल्या दोन-चार आठवड्यांत ती किनाऱ्याजवळच्या पाण्यात असते.

हे मधले आठवडे फार महत्त्वाचे आहेत. पुळण म्हणजे तिचं फक्त बाळंतघर. तिचं खरं घर समोरचं पाणी आहे आणि ते फार मोठं आहे. २०२१ मध्ये ओडिशात पायाला खूणपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे ती अख्ख्या भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालून आली होती. २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रह-यंत्र लावून सोडलेली ‘बागेश्री’ उलट बाजूने गेली, केरळ आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असं आपण समजत होतो. ती समजूत आता तशीच ठेवता येणार नाही.

हॅचरीत काय करतात आणि कुठे चुकतं

कोकणात या कामाची सुरुवात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला २००२ मध्ये केली. पुढे ते वन विभाग, कांदळवन कक्ष आणि गावोगावच्या ‘कासवमित्रां’नी वाढवलं. आज केळशी, कोळथरे, गावखडी, माडबन, वायंगणी, तांबळडेग, दिवेआगर अशा कितीतरी पुळणींवर हंगामभर पहाटेची गस्त असते.

वाळूवरच्या पावलांच्या खुणांवरून घरटं सापडलं की पहिला प्रश्न असतो, ते आहे तिथेच ठेवायचं की हलवायचं? जागा उधाणाच्या पाण्यात जाणारी नसेल, आणि कोल्हे, रानडुकरं, भटकी कुत्री यांच्यापासून जाळीने राखता येत असेल, तर हलवू नये. मादीने निवडलेल्या जागेची बरोबरी आपल्याला करता येत नाही. हॅचरी, म्हणजे कुंपण घातलेली सुरक्षित वाळू, ही दुसऱ्या क्रमांकाची सोय आहे. काही ठिकाणी प्रत्येक घरटं उचलून हॅचरीत नेण्याची सवय पडली आहे. ती मोडायला हवी.

हलवायचंच असेल तर वेळेला फार महत्त्व आहे. अंडी घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटू लागतो. त्यानंतर अंडं गोल फिरलं तर गर्भ मरतो. म्हणून अंडी पहिल्या सहा तासांत, फार तर दहा-बारा तासांत हलवतात. ती एकेक करून उचलतात, जशी होती त्याच बाजूने ठेवतात, आणि हिंदकळणार नाहीत अशी नेतात. नव्या खड्ड्याची खोली आणि आकार मूळ घरट्यासारखाच लागतो. खड्डा उथळ झाला तर वाळू तापते. फार खोल झाला तर पिल्लांना वर यायला बळ पुरत नाही. दोन घरट्यांत साधारण मीटरभर अंतर हवं, कारण वाढणारे गर्भ स्वतः उष्णता सोडतात आणि दाटी झाली की शेजारची घरटीही तापतात. दर वर्षी त्याच वाळूत हॅचरी केली तर जुनी कुजकी अंडी आणि बुरशी नव्या घरट्यांना बाधते, म्हणून जागा बदलावी लागते.

तापमानाकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. पिल्लू नर होणार की मादी हे अंडं उबण्याच्या मधल्या टप्प्यातल्या वाळूच्या उष्णतेवर ठरतं. २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही होतात, त्याहून उष्ण वाळूत माद्या वाढतात, थंड वाळूत नर. चौतीस-पस्तीसच्या वर वाळू टिकून राहिली तर गर्भच मरू लागतात. मार्चनंतरच्या घरट्यांवर हिरवी जाळी किंवा झावळ्यांची सावली धरतात ती यासाठी. पण सावली फार दाट झाली तर सगळे नरच होतील. त्यामुळे हॅचरीत तापमापक नसेल तर ते काम अंदाजाचं राहतं.

४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात. त्यांना पाण्याच्या टबात ठेवायचं नसतं आणि पाहुण्यांची वाट पाहत टोपलीत तर मुळीच नाही. अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या दिवसभराची त्यांची ताकद हीच किनाऱ्यापासून लांब जाण्याची शिदोरी असते आणि टोपलीत धडपडण्यात ती संपते. त्यांना वाळूवर सोडून स्वतः चालत पाण्यात जाऊ द्यायचं, आणि रोज त्याच जागी सोडायचं नाही. नाहीतर मासे आणि पक्षी तिथे वाट पाहत थांबू लागतात.

मग पिल्लं सोडली म्हणजे झालं ना?

इथे थोडा हिशेब करू या. समुद्रात गेलेल्या हजार पिल्लांतलं साधारण एक वयात येतं असं ढोबळमानाने मानतात, आणि त्याला दहा ते पंधरा वर्षं लागतात. त्यातली निम्मी माद्या धरली, तर एक प्रौढ मादी तयार व्हायला दोन हजार पिल्लं समुद्रात जावी लागतात. शंभर अंड्यांच्या घरट्यातून साठ पिल्लं सुखरूप निघाली असं धरू. दोन हजार भागिले साठ केलं की तेहतीस घरटी होतात.

एखाद्या गावात हंगामात वीस घरटी मिळत असतील तर त्या गावाची दीड हंगामाहून जास्त मेहनत एका मादीच्या मोलाची झाली. आणि अशी एक मादी त्याच गावासमोरच्या पाण्यात एका जाळ्याच्या एका ओढीत मरू शकते. हे आकडे ढोबळ आहेत, कुणी हजारात एकऐवजी दोन धरील. तरी निष्कर्ष बदलत नाही: प्रौढ मादी वाचवण्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. अंड्यांची राखण करायलाच हवी, पण तेवढ्यावर थांबलो तर आपण एका हाताने भरतो आणि दुसऱ्या हाताने सांडतो.

कासव पाण्यात बुडून कसं मरेल?

ही शंका साहजिक आहे. पण कासव हा सरपटणारा प्राणी आहे, त्याला कल्ले नाहीत, फुप्फुसं आहेत. शांत असताना ते बराच वेळ श्वास रोखतं. जाळ्यात अडकल्यावर मात्र ते झुंजतं, आणि झुंजताना साठवलेला प्राणवायू भराभर संपतो. ट्रॉलर, म्हणजे तळावरून जाळं ओढत नेणारी यांत्रिक नौका, एक ओढ दोन-तीन तास चालवते. ओढ जितकी लांबते तितकं मरणाचं प्रमाण वाढतं. म्हणूनच अमेरिकेत टेडऐवजी वेळेची मर्यादा पाळण्याची मुभा जिथे आहे तिथे ती हंगामानुसार ५५ किंवा ७५ मिनिटांची आहे.

‘पण मासेमारी बंद असतेच की दोन महिने’ असंही ऐकू येतं. पश्चिम किनाऱ्यावर ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. ती माशांच्या विणीसाठी आहे आणि त्यासाठी योग्यच आहे. कासवाचा विणीचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे ऐन मासेमारीच्या दिवसांत. पावसाळी बंदी त्याच्या उपयोगाची नाही. ओडिशाने यासाठी वेगळी व्यवस्था केली आहे. धामरा, देवी आणि ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांजवळ १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात २० किलोमीटरपर्यंत मासेमारीला बंदी असते. तिथे हजारो माद्या एकदम येतात, म्हणून ठरावीक जागा बंद करणं शक्य होतं. आपल्याकडे एकेकट्या माद्या कुठेही येतात, त्यामुळे तो उपाय जसाच्या तसा इथे चालणार नाही. आपल्याला जाळ्यातच उपाय करावा लागेल.

टेड म्हणजे काय?

टेड म्हणजे टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस, जाळ्यात शिरलेल्या कासवाला बाहेर काढणारी चौकट. ट्रॉलचं जाळं तोंडाशी रुंद असतं, मागे निमुळतं होत जातं आणि शेवटी पिशवी असते. त्या पिशवीच्या अलीकडे धातूच्या उभ्या गजांची लंबगोल चौकट तिरकी शिवतात. दोन गजांमधलं अंतर जास्तीत जास्त दहा सेंटिमीटर. काम चाळणीचंच आहे: बारीक ते आरपार, मोठं ते वरच. कोलंबी आणि मासळी गजांमधून पिशवीत जाते. कासव गजांवर आपटतं, उतारावरून घसरत चौकटीच्या वरच्या किंवा खालच्या टोकाशी जातं आणि तिथे जाळ्याला ठेवलेल्या भोकातून बाहेर पडतं. भोकावर जाळ्याचाच एक पडदा असतो, तो कासवाच्या धक्क्याने उघडतो आणि एरवी पाण्याच्या दाबाने मिटलेला राहतो.

भारतीय जाळ्यांसाठी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने असं टेड विकसित केलं आहे. यंत्र साधं आहे, त्यात मोटार नाही, बॅटरी नाही. पण ते बसवण्यात चूक झाली तर पुरता विचका होतो.

मुख्य गोष्ट तिरकेपणाची. चौकटीचा कोन ३० ते ५५ अंशांत हवा. ती फार आडवी झाली तर पाण्याचा लोट भोकाकडे वळतो आणि कोलंबी निसटते. फार उभी झाली तर कासव घसरत नाही, गजांवरच दाबलं जाऊन तिथेच मरतं. नवं जाळं वापरात ताणलं जातं आणि कोन आपोआप बदलतो, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांनंतर तो पुन्हा मोजायचा असतो. चौकट जड असते, तिला पुरेसे तरंगे बांधले नाहीत तर ती तळाला घासते आणि जाळं पिळतं. झावळ्या, प्लास्टिक किंवा समुद्री शेवाळ गजांत अडकलं तर चौकट बुजते आणि मग मासळी मागे जातच नाही. पडदा फार लांब ठेवला किंवा कडेने जास्त शिवला तर कासवाला तो उघडत नाही. आणि ‘एवढं भोक कशाला’ म्हणून कुणी ते शिवून टाकलं, तर ते टेड फक्त तपासणीपुरतं उरतं.

मासळी निसटणार नाही का?

निसटेल, थोडी. ती निसटत नाही असं मच्छीमाराला सांगणं खोटं आहे, आणि असं सांगितल्यामुळेच त्याचा विश्वास उडतो. नीट बसवलेल्या टेडमधून कोलंबीचं नुकसान फार थोडं होतं हे चाचण्यांत दिसलेलं आहे. अडचण मोठ्या मासळीची आहे. दहा सेंटिमीटरच्या फटीतून न जाणारी वागळी, मोठी घोळ कासवाबरोबर बाहेर जाते. अमेरिकेतला कोलंबीचा ट्रॉलर कोलंबीसाठीच जातो. आपल्याकडचा ट्रॉलर मिळेल ते सगळं आणतो आणि डिझेलचा खर्च बऱ्याचदा त्या मोठ्या मासळीवर निघतो. हा आक्षेप खरा आहे, त्याला उत्तर अनुदानाने आणि भावाने द्यायला हवं. टेड लावून आणलेल्या कोलंबीला बंदरावर चार पैसे जास्त मिळाले तर सक्ती करण्याची वेळ कमी येईल.

फायद्याची बाजूही आहे. पस्तीस-पन्नास किलोचं कासव, मोठे दगड, लाकडाचे ओंडके पिशवीत शिरले की कोलंबी चेचली जाते आणि जाळं फाटतं. टेड ते सगळं बाहेर टाकतं.

अमेरिका सांगते म्हणून आपण करायचं?

हा वाद जुना आहे. अमेरिकेचा कायदा १९८९ चा. कासवांना धोका होईल अशा पद्धतीने पकडलेली कोलंबी आयात करायची नाही, असं तो सांगतो. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ मध्ये निकाल लागला. कासवांचं रक्षण हा हेतू वैध आहे, पण अमेरिकेने तो देशादेशांत भेदभाव करून राबवला, असं त्यात म्हटलं. पुढे अमेरिकेने अंमलबजावणीची पद्धत सुधारली, कायदा राहिला.

बंदी समुद्रातून पकडलेल्या कोलंबीला आहे, तळ्यात वाढवलेल्या वनामेई जातीच्या कोलंबीला नाही. अमेरिकेला जाणारी आपली बहुतेक कोलंबी तळ्यातलीच असते, म्हणून देशाच्या निर्यातीच्या आकड्यात हा फटका फारसा दिसत नाही. तो दिसतो बंदरावरच्या लिलावात, समुद्री कोलंबीचा एक मोठा गिऱ्हाईक बंद झाल्याने पडलेल्या भावात. अमेरिकी नियमांना भोकही मोठं लागतं, कारण तिकडच्या समुद्रातलं अवाढव्य लेदरबॅक कासवही त्यातून निघायला हवं. त्यामुळे कुठलंही टेड बसवून प्रमाणपत्र मिळत नाही, ठरलेल्या मापाचंच लागतं.

माझं मत सांगायचं तर, अमेरिकेचा कायदा नसता तरी टेड आपल्याला लागलंच असतं. ऑलिव्ह रिडलेला पहिल्या अनुसूचीत आपणच घातलं आहे.

जाळ्यात कासव आलंच तर

टेड नसलेल्या नौका आज पुष्कळ आहेत, शिवाय गिलनेट, म्हणजे पाण्यात उभं सोडलेलं जाळं, आणि किनाऱ्यावरून ओढायची रापण यांतही कासवं येतात. त्यामुळे तांडेल-खलाशांना पुढची माहिती टेडपेक्षाही आधी हवी.

वर आलेलं कासव हलत नाही म्हणजे ते मेलं असं नाही. पुष्कळदा ते गुदमरून बेशुद्ध असतं आणि तसंच पाण्यात टाकलं तर तळाला जाऊन मरतं. त्याला पोटावर, म्हणजे सरळ ठेवायचं. मागची बाजू वीतभर, साधारण पंधरा सेंटिमीटर उंच करायची, म्हणजे फुप्फुसात गेलेलं पाणी नाकातोंडातून ओघळतं. सावलीत ठेवायचं आणि ओलं फडकं टाकायचं, पण नाकपुड्या उघड्या ठेवायच्या. अधूनमधून डोळ्याच्या कडेला किंवा शेपटीला हलकं बोट लावून हालचाल होते का पाहायची. शुद्धीवर यायला चार तास लागतात, कधी चोवीसही. सोडताना इंजिन न्यूट्रलवर, जाळं पाण्याबाहेर, आणि कासव काठावरून हळूच खाली सोडायचं. पायाला धरून फेकायचं नाही.

जाळं कापावं लागलं तर नुकसान कुणी सोसायचं? महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून यासाठी योजना आहे. संरक्षित प्राण्याला सोडवताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी कासव सोडतानाचे आणि कापलेल्या जाळ्याचे फोटो काढलेले असणं गरजेचं आहे.

पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेलं जखमी कासव दिसलं तर त्याला परत पाण्यात ढकलू नका. दमलेलं, पाय तुटलेलं कासव लाटांत टिकत नाही. सोडून दिलेल्या तुटक्या जाळ्यांत अडकून पाय कापला गेलेली कासवं अशीच येतात. सावली करा, कुत्र्यांना लांब ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

कासव आलं की गावाचा विकास अडतो का?

किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत कडक गटात, सीआरझेड १-अ मध्ये येतात. कडक नियम त्या जागेला आहेत, सगळ्या गावाला नाहीत. वेळासला तर कासव महोत्सवामुळे घरोघरी पाहुणे राहतात आणि जेवतात.

अडचण होते ती दुसऱ्याच गोष्टींची. धूप थांबवायला पुळणीवर दगडी बंधारा घातला की मादी त्याला धडकून परत जाते, आणि बंधाऱ्याच्या टोकांशी वाळू आणखी वेगाने वाहून जाते. वाळूच्या टेकाडांवर सुरूची दाट लागवड केली की मुळांनी आणि सुयांसारख्या पाल्याने खड्डा करणं अवघड होतं. त्याच जागी वाळूवर पसरणारी मर्यादावेल असेल तर ती वाळूही धरते आणि मादीला अडवतही नाही. तिसरी गोष्ट दिव्यांची. पिल्लू उजळ क्षितिजाकडे चालतं, आणि अंधाऱ्या किनाऱ्यावर उजळ बाजू समुद्राची असते. रिसॉर्टचे पांढरे दिवे लागले की ते उलटं, रस्त्याकडे निघतं. हंगामात किनाऱ्याकडचे दिवे बुटक्या खांबावर, वरून झाकलेले आणि पिवळसर-तांबडे ठेवले, आणि पुळणीवर थेट पडणारे बंद केले तरी पुरतं. वाळूवर गाड्या नेऊ नयेत, कारण चाकांच्या चाकोरीत पडलेलं पिल्लू बाहेर येऊ शकत नाही.

यांपैकी दिवे, गाड्या आणि मर्यादावेल ग्रामपंचायतीच्या एका ठरावात बसतात, त्याला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात यांत्रिक ट्रॉलिंगला राज्याच्या सागरी मासेमारी कायद्याने आधीच मनाई आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात विणीच्या पुळणींसमोर ती नीट पाळली गेली, तर टेड येईपर्यंतही बऱ्याच माद्या वाचतील. गस्तीच्या नौका मत्स्यव्यवसाय विभागाकडे आहेत, आणि कुठल्या गावाला कुठल्या तारखेला घरटं झालं याच्या नोंदी वन विभागाकडे आहेत. या नोंदी हंगाम चालू असतानाच, दर आठवड्याला पलीकडच्या विभागाला मिळाल्या की गस्त कुठे हवी हे ठरवता येईल.